ऑल्डरशॉटची १८ माणसं

बँडच्या इतिहासाचं मर्यादित आवृत्तीचं पुस्तक वाचायला घेता येत नाही, आधी ते बाहेर काढावं लागतं. खोक्यात पेटी, पेटीत पातळ कागद, कागदात पुस्तक. वजन असं की आडवं पडून वाचायची सोय नाही आणि रूप असं की शेजारी पाण्याचं भांडं ठेवायची छाती होत नाही. सध्या बीटल्सचा, म्हणजे लिव्हरपूलच्या त्या चौघांच्या बँडचा, असा एक ठोकळा माझ्या मांडीवर आहे. उघडल्यावर मी सगळ्यात आधी शेवटचं पान गाठलं. प्रतीचा क्रमांक तिथे शाईनं घातलेला असतो ना!

या क्रमांकाला आता तसा काही अर्थ उरलेला नाही. तांब्याच्या पत्र्यावर कोरून चित्रं छापत असत तेव्हा पत्रा झिजत जाई, म्हणून सुरुवातीच्या प्रती खरोखरच सरस निघत. ऑफसेट छपाईत बारावी प्रत आणि एकोणीसशे बारावी प्रत यांच्यात डोळ्यांना दिसेल असा फरक नसतो. तरी लहान आकड्यासाठी आमच्यात जी चढाओढ चालते, ती बघितली की हसू येतं. माझा आकडा मोठा आहे, त्यामुळे मला जरा जास्तच येतं.

सहीचंही तसंच. पुष्कळदा सुटे कागद आधी सह्यांसाठी पाठवतात आणि मग ते पुस्तकात बांधतात. म्हणजे सही करणाऱ्यानं सही केली तेव्हा पुस्तक जन्मलेलंही नसतं. बीटल्सच्या बाबतीत तर सही हा मुळातच संशयाचा विषय. प्रसिद्धीच्या लाटेत मागणी एवढी वाढली, की नील ॲस्पिनॉल आणि मॅल इव्हान्स हे त्यांचे सोबती चौघांच्याही सह्या ठोकून देत. चौघांतल्या जॉर्ज हॅरिसननं मात्र १९८०मध्ये ‘आय मी माइन’ हे पुस्तक काढलं, तेव्हा चामडी बांधणीच्या २००० प्रती स्वतःच्या सहीनं दिल्या. प्रकाशक जेनेसिस, ज्या बाउंटी जहाजावर खलाशांनी बंड केलं, त्याच्या रोजनिशीची देखणी आवृत्ती काढून ही मंडळी या धंद्यात उतरली होती. हॅरिसनच्या पुस्तकाला नाव कुठलं, तर मी-माझं करणाऱ्या अहंकारावर लिहिलेल्या त्याच्याच गाण्याचं. आणि आम्ही चाहते एकमेकांना विचारतो, तुझ्याकडे कितवी प्रत?

असो. पुस्तक म्हणून बघायचं, तर मोठमोठे फोटो मी भराभर उलटले. न्यूयॉर्कचं शे स्टेडियम, १५ ऑगस्ट १९६५, ५५ हजारांहून जास्त माणसं. हे फोटो इतक्या ठिकाणी पाहिलेत की कागद कितीही उंची असला तरी नजर घसरून पुढे जाते. हात थांबला तो ऑल्डरशॉटवर.

९ डिसेंबर १९६१. लिव्हरपूलहून दोनशेहून जास्त मैल गाडी हाकत ही पोरं दक्षिण इंग्लंडातल्या या लष्करी गावात पोचली. सॅम लीच नावाच्या कार्यक्रम भरवणाऱ्यानं पॅले बॉलरूम हे नाचघर ठरवलं होतं. लंडन जवळ, तेव्हा तिथला कुणी बडा माणूस येऊन ऐकेल असा त्याचा हिशेब. स्थानिक वर्तमानपत्रात जाहिरात यायची होती, ती छापूनच आली नाही. अनोळखी गिऱ्हाइकाचा चेक त्यांना चालला नाही, असं सांगतात. ऐकायला आली १८ माणसं. ही माणसं समोर नाचताहेत आणि त्यांच्यामागे रिकामी फरशी पसरली आहे. वाजवता वाजवता मध्येच स्टेजवरून उतरून बँडमधलेच दोघे एकमेकांना धरून त्या फरशीवर नाचू लागले, त्याचाही फोटो आहे. पोटात कुठे निराशा असेलच, पण चेहऱ्यावर निव्वळ वात्रटपणा. पुढे त्यांचा मॅनेजर झालेल्या ब्रायन एप्स्टाइननं त्यांना लिव्हरपूलच्या कॅव्हर्न क्लबमध्ये पहिल्यांदा ऐकलं, त्याला तेव्हा बरोबर एक महिना झाला होता. डेक्का या रेकॉर्ड कंपनीची चाचणी तीन आठवड्यांवर आली होती आणि तिथूनही नकारच मिळायचा होता.

चाहत्याला अशी पानं लागतात. यश सगळ्यांना दिसतं, ते पुस्तकात नसतं तरी चाललं असतं. मार्क लुइसननं हे ओळखलं. त्याच्या बीटल्स-चरित्राचा पहिला भाग २०१३मध्ये आला. त्याची विस्तारित खास आवृत्ती दोन पुस्तकांत मिळून १७२८ पानांची, आणि ती १९६२च्या अखेरीला संपते. म्हणजे जग वेडं व्हायच्या आधीच! मला हे फार आवडलं. अगदी लग्नाच्या अल्बममध्ये मांडव उभारणाऱ्यांचेच फोटो निघावेत, तसं.

लुइसन बाहेरचा माणूस, कागदपत्रं तपासून लिहिणारा. बँडनं स्वतः सांगितलेल्या इतिहासाची तऱ्हा वेगळी. ऑगस्ट १९६५मध्ये चौघे एल्व्हिस प्रेस्लीच्या घरी गेले, तिथे सगळ्यांनी मिळून काही वाजवलं की नाही, यावर हजर असलेल्यांचंच एकमत नाही. तारखा चाहत्यांना पाठ, ज्यांच्या आयुष्यातल्या त्या तारखा त्यांना आठवत नाहीत. ही विसराविसर मला खोटी वाटत नाही. चिडचिड होते ती दुसऱ्या गोष्टीनं: पानाच्या कडेला कोण उरतं आणि कोण कापलं जातं, हे ठरवायचा हक्क अशा पुस्तकांत ज्याचा इतिहास त्याच्याच हातात असतो.

पीट बेस्टचं काय झालं बघा. दोन वर्षं ड्रम वाजवले आणि ऑगस्ट १९६२मध्ये एप्स्टाइननं बोलावून घेऊन काढल्याचं सांगितलं. ऑल्डरशॉटलाही ड्रमवर तोच होता. १९९५मध्ये बीटल्सचा ‘अँथॉलॉजी १’ संच निघाला, त्यात त्यानं वाजवलेली ध्वनिमुद्रणं घेतली. मुखपृष्ठावर जुन्या पोस्टरचं चिकटकाम आहे, त्यात बँडचा एक सुरुवातीचा फोटो आहे. त्यातून पीटचं डोकं तेवढं फाडलेलं आणि त्या भोकातून खालचा रिंगो, म्हणजे पीटच्या जागी आलेला ड्रमर, डोकावतोय. कलाकृती म्हणून ते मुखपृष्ठ चांगलंच आहे. माणूस म्हणून मला ते अजून पचलेलं नाही.

पीटनं त्यावर भांडण काढलं नाही. २००८मध्ये त्याच्या स्वतःच्या बँडचा अल्बम आला, त्याच्या मुखपृष्ठावर त्यानं तो फाडलेला तुकडा छापला. क्रमांक नाही, सही नाही, चामडं नाही. दुकानात जाऊन कुणीही घ्यावा.