कार्ड घेण्याआधी ड्रायव्हर बघा

लिनक्सवर गेम खेळायला कुठलं ग्राफिक्स कार्ड घेऊ, असं कुणी विचारलं की मी आधी उलटा प्रश्न टाकतो : त्याचा ड्रायव्हर, म्हणजे सिस्टिमला ते कार्ड वापरायला शिकवणारं सॉफ्टवेअर, कोण लिहितं आणि तो कुठे राहतो? व्हीरॅम (कार्डाची स्वतःची मेमरी) किती, पंखे किती, लायटिंग आहे का, हे सगळं नंतर. भाचीलाही हेच विचारलं, तर ती म्हणाली, "मामा, तू बघ ते. मला फक्त ट्रक चालवायचाय." ट्रक म्हणजे युरो ट्रक सिम्युलेटर २ या गेममधला.

तिच्याकडे जालन्याला घरी एक जुना पीसी पडून होता. आय५-६५००, सोळा जीबी रॅम, एसएसडी. विंडोज ११ च्या यादीत इंटेलची आठवी पिढी आणि त्यापुढचेच प्रोसेसर बसतात, हा सहाव्या पिढीचा. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. म्हणजे कागदोपत्री हा पीसी भंगारात. मी वाळूजला सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या कटिंग मशीनचं, प्रोग्रामिंग करतो. वीस-वीस वर्षांची मशीनं आजही मायक्रॉनमध्ये काम देताना रोज बघतो. चालतं यंत्र फक्त सॉफ्टवेअरसाठी टाकून द्यायचं, हे मला पटतच नाही. त्यामुळे त्यावर लिनक्स मिंट हे लिनक्सचं एक रूप (डिस्ट्रो) टाकायचं ठरलं आणि राहिला कार्डाचा प्रश्न.

मी एएमडीचं सेकंडहँड आरएक्स ५८० शोधलं, आठ जीबीवालं. एप्रिल २०१७ चं कार्ड. इतकं जुनं का, तर त्याचा कर्नलमधला ड्रायव्हर एएमडीजीपीयू थेट लिनक्स कर्नलमध्ये, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्यातच, आहे आणि वल्कनचा (गेम ज्या भाषेत कार्डाशी बोलतात तिचा) भाग मेसा या ग्राफिक्स ड्रायव्हरच्या संचात, आरएडीव्ही नावाने. दोन्ही खुले. कंपनीने हात काढून घेतला तरी काम थांबत नाही, कारण लिहिणारे बाहेरही आहेत. याचा पुरावा याच कार्डाच्या आयुष्यात आहे. शेडर, म्हणजे चित्र रंगवणारे कार्डावरचे छोटे प्रोग्राम, कंपाइल करायला आरएडीव्ही पूर्वी एलएलव्हीएम हा सर्वसाधारण कंपायलर वापरायचा. स्टीम हे गेमचं दुकान चालवणाऱ्या व्हॉल्व्हने पैसे घालून एसीओ नावाचा नवा कंपायलर लिहून घेतला. तो २०१९ च्या शेवटी मेसा १९.३ मध्ये आला आणि २०२० मध्ये मेसा २०.२ पासून आपोआप वापरला जाऊ लागला. शेडर कंपाइल व्हायला लागणारा वेळ खूप कमी झाला, गेममधले झटके कमी झाले. कार्ड तेच, विकून तीन वर्षं झालेली, आणि ते सुधारलं.

सेकंडहँड कार्ड घेताना एक गोष्ट मात्र डोळ्यात तेल घालून बघायची. बाजारात आरएक्स ५८० च्या नावाने २०४८एसपी प्रकारचं कार्ड सर्रास मिळतं. खऱ्या ५८० मध्ये ३६ कम्प्यूट युनिट (सीयू, चिपमधले गणित करणारे गट) असतात, म्हणजे २३०४ स्ट्रीम प्रोसेसर. या दुसऱ्यात ३२, म्हणजे प्रत्यक्षात ते ५७० च्या पंगतीतलं. खोक्यावर, स्टिकरवर काहीही लिहिलेलं असो, आत काय आहे ते लिनक्स सांगतो. मी खिशात मिंटचा पेन ड्राइव्ह घेऊन दुकानात गेलो. दुकानदाराच्या टेस्ट पीसीला कार्ड लावलं, पेन ड्राइव्हवरून बूट केलं. ड्रायव्हर कर्नलमध्येच असल्याने काही डाउनलोड करावं लागत नाही, पडदा पूर्ण रिझोल्यूशनमध्ये उघडतो. मग टर्मिनलमध्ये कर्नलचा लॉग काढला आणि एएमडीजीपीयूची ओळ शोधली. तिच्या शेवटी 'अ‍ॅक्टिव्ह सीयू नंबर' असं लिहिलेलं असतं. पुढे आकडा होता ३२. मी काही न बोलता स्क्रीन त्यांच्याकडे वळवली. "साहेब, हे काय नवीन?" मी समजावून सांगितलं. त्यांनी आतून दुसरं कार्ड आणलं, त्यावर ३६ आला. मग अर्धा तास लोड देऊन तापमान बघितलं, पंख्याचा आवाज ऐकला, पैसे दिले. त्यांनी ती ओळ कागदावर उतरवून घेतली, याचं मला बरं वाटलं. जुन्या एसएमपीएसला (पॉवर सप्लायला) आठ पिनची केबलच नव्हती आणि कार्ड १८५ वॉट मागतं, म्हणून एसएमपीएस तेवढा नवा घेतला. तिथे काटकसर करू नका.

आता सॉफ्टवेअर. विंडोजचे गेम लिनक्सवर चालतात ते स्टीमसोबत येणाऱ्या व्हॉल्व्हच्या प्रोटॉनमुळे. त्याच्या पोटात वाइन हे विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर चालवणारं सॉफ्टवेअर आहे, ज्याचं काम १९९३ पासून सुरू आहे. पण विंडोजचे गेम डायरेक्टएक्समध्ये बोलतात आणि आपला ड्रायव्हर वल्कनमध्ये. आमच्या कारखान्यात कॅम सॉफ्टवेअरमध्ये काढलेला टूलपाथ (हत्याराची वाट) पोस्ट-प्रोसेसरमधून जातो आणि त्या-त्या मशीनच्या कंट्रोलरला कळेल असा जी-कोड बाहेर पडतो. तसं हे काम डीएक्सव्हीके करतं. ते फिलिप रेबोले यांनी सुरू केलं, कारण त्यांना निअर : ऑटोमाटा हा गेम लिनक्सवर खेळायचा होता. २०१८ च्या सुरुवातीला व्हॉल्व्हने त्यांना कामाला घेतलं आणि २१ ऑगस्ट २०१८ ला प्रोटॉन आलं, तपासून पास केलेल्या २७ गेमची यादी घेऊन. एका माणसाच्या हौसेतून सुरू झालेल्या कामावर आज स्टीम डेक हा व्हॉल्व्हचा हातात धरायचा गेमिंग पीसी उभा आहे. मला याचं फार अप्रूप वाटतं. डायरेक्टएक्स १२ साठी व्हीकेडी३डी-प्रोटॉन वेगळं आहे. मार्च २०२५ मध्ये कर्नल ६.१४ सोबत एनटीसिंक आलं. विंडोजमध्ये प्रोग्रामचे धागे एकमेकांसाठी थांबतात ती पद्धत आता कर्नलच पुरवतो. ते वाइनवर काम करणाऱ्या कोडवीव्हर्स कंपनीच्या एलिझाबेथ फिगुरा यांनी लिहिलं.

भाचीच्या पीसीवर पहिल्या दिवशी एक गंमत झाली, ती सविस्तर सांगतो, कारण विंडोजवरून येणारे बहुतेक सगळे इथेच अडकतात. तिचे गेम जुन्या हार्ड डिस्कवर आधीच डाउनलोड केलेले होते, एनटीएफएस या विंडोजच्या पद्धतीच्या पार्टिशनवर. "परत ऐंशी जीबी कशाला उतरवू, मामा?" म्हणून तिने स्टीमला तोच फोल्डर दाखवला. प्ले दाबलं की बटण हिरव्याचं निळं, निळ्याचं पुन्हा हिरवं. एरर नाही, काही नाही. कारण असं : प्रोटॉन प्रत्येक गेमसाठी छोटं खोटं विंडोज उभारतो आणि त्यात सी ड्राइव्हच्या नावाची लिंक बनवतो. नाव असतं 'सी' आणि त्याला लागून कोलन. विंडोजच्या नियमात फाइलच्या नावात कोलन चालत नाही. लिनक्सने ते एनटीएफएस पार्टिशन तो नियम पाळून जोडलेलं (माउंट केलेलं) असेल तर लिंक बनतच नाही आणि गेम गप्प बसतो. नियम सैल ठेवला तर लिंक बनते, पण पुढे विंडोज त्या पार्टिशनची कुरकुर करू लागतं. ओढाताण करण्यात अर्थ नाही. आम्ही ईएक्सटी४ या लिनक्सच्या पद्धतीचं नवं पार्टिशन केलं, गेमचा फोल्डर तिथे कॉपी केला, स्टीमने फाइल तपासून घेतल्या. डाउनलोड वाचलं आणि गेम उघडला.

हातात धरायच्या वस्तूंनाही ड्रायव्हरची तीच कसोटी लागते. मी स्वतः डुअलसेन्स, म्हणजे प्लेस्टेशन ५ चा कंट्रोलर, वापरतो. त्याचा ड्रायव्हर खुद्द सोनीने लिहून कर्नलमध्ये दिला, ५.१२ मध्ये, २०२१ साली. क्रिएट आणि पीएस बटण एकत्र दाबून धरलं, दिवा लुकलुकला की ब्लूटूथमध्ये जोडलं, संपलं. जायरो चालतो, टचपॅड डेस्कटॉपवर माउस होतो, बॅटरी किती उरली तेही दिसतं. एक्सबॉक्सचा कंट्रोलर केबलने लावला तर कर्नलमधल्या एक्सपॅडवर चालतो, पण त्याच्या वायरलेस डोंगलला मी एक्सवन नावाचं बाहेरचं मॉड्यूल (कर्नलला वरून जोडायचा ड्रायव्हर) घातलं होतं. नवा कर्नल आला की बाहेरच्या मॉड्यूलकडे लक्ष द्यावं लागतं. आपल्याकडे मिळणारी स्वस्त पॅड एक्स-इनपुट मोडवर टाकली की एक्सपॅड बहुधा त्यांनाही ओळखतो.

ट्रकसाठी लॉजिटेकचं जी२९ स्टिअरिंग घेतलं, तेही वापरलेलं. त्यावरचं स्विच पीएस३ वर ठेवायचं. कर्नलमधला मूळ ड्रायव्हर त्याला ओळखतो, ९०० अंशांपर्यंत फिरवू देतो, पण फोर्स फीडबॅकचे, म्हणजे हाताला जाणवणाऱ्या जोराचे, मोजकेच प्रकार त्याला येतात. दाजी एसटीत चालक आहेत. ड्यूटीवरून आले, कौतुकाने स्टिअरिंगवर बसले आणि पाच मिनिटांत म्हणाले, "गाडी चालतीये, पण हाताला वजन नाही. वळण संपल्यावर स्टिअरिंग परत यायला पाहिजे, ते आपल्यालाच आणावं लागतंय." अचूक निदान. मग न्यू-एलजी४एफएफ हे मॉड्यूल डीकेएमएसमधून (नव्या कर्नलसाठी मॉड्यूल पुन्हा बनवून देणाऱ्या साधनातून) घातलं, ओव्हरस्टीअर या छोट्या अ‍ॅपमध्ये जोर वाढवला आणि गेमची लिनक्स आवृत्ती असूनही तो प्रोटॉनमधून चालवला, कारण स्टिअरिंगचा जोर आम्हाला तिथे मनासारखा मिळाला. दाजी परत बसले. या वेळी जेवायला हाका माराव्या लागल्या.

उन्हाळ्याचं मराठवाड्यात वेगळं बघावं लागतं. खोलीच चाळीसला टेकलेली असताना कार्ड काय थंड राहणार? लॅक्ट नावाच्या अ‍ॅपमध्ये पॉवर लिमिट वीस टक्क्यांनी उतरवलं आणि मँगोहडमधून फ्रेम ६० वर बांधल्या. ट्रकला तेवढं पुष्कळ.

आता जे चालत नाही ते. व्हॅलोरंट चालत नाही, फोर्टनाइट चालत नाही. त्यांची अँटी-चीट (फसवणूक पकडणारं सॉफ्टवेअर) विंडोजच्या कर्नलमध्ये बसते किंवा लिनक्सला परवानगीच देत नाही. ईझी अँटी-चीट आणि बॅटलआय यांनी सप्टेंबर २०२१ मध्ये प्रोटॉनला वाट करून दिली, पण ती उघडायची की नाही हे गेम बनवणारे ठरवतात. एपेक्स लेजंड्स चालत होता, ३१ ऑक्टोबर २०२४ ला लिनक्सवाल्यांना बाहेर काढलं. लोकांनी पैसे आणि वेळ घातलेला गेम असा काढून घेणं मला चुकीचंच वाटतं. मित्रांबरोबर रोज व्हॅलोरंट खेळणाऱ्याला मी लिनक्स घे असं सांगत नाही. एकट्याने खेळायचे गेम असतील तर कुठला गेम प्रोटॉनवर कसा चालतो याचे अनुभव लोक लिहितात त्या प्रोटॉनडीबी साइटवर जाऊन आपल्यासारखंच कार्ड असलेल्याचा ताजा अनुभव वाचावा; तिथला नुसता प्लॅटिनम-गोल्ड शेरा बघून थांबू नये. भाचीने ट्रकनंतर पुण्याच्या नॉडिंग हेड्सचा राजी हा गेम घेतला, २०२० चा. एकही सेटिंग न बदलता पहिल्या झटक्यात चालला, आणि तो जुन्या कार्डावरही किती देखणा दिसतो!

आरएक्स ५८० ची मर्यादाही सांगतो. मेश शेडर (नव्या कार्डांतली एक सोय) मागणारे अ‍ॅलन वेक २ सारखे गेम त्यावर धड चालायचे नाहीत, हार्डवेअरमध्येच ते नाही. कुणाकडे एनव्हिडियाचं जीटीएक्स १०६० असेल तर ते लगेच विकू नका, पण एनव्हिडियाच्या ड्रायव्हरची ५८० ही मालिका (आरएक्स ५८० शी हिचा संबंध नाही) त्याच्यासाठी शेवटची आहे आणि त्यांचं खुलं कर्नल मॉड्यूल त्यांच्या ट्युरिंग पिढीपासून पुढच्या कार्डांनाच चालतं, हे धरून चाला. मिंटसारखं सावकाश बदलणारं डिस्ट्रो त्यावर ठेवा. पुढचं कार्ड घ्यायची वेळ आली की वापरलेलं आरएक्स ६६०० शोधा : आठ जीबी, १३२ वॉट, आठ पिनची एकच केबल. स्टीम डेकमधली चिपही त्याच आरडीएनए २ घराण्यातली आहे, म्हणजे व्हॉल्व्हची माणसं त्या ड्रायव्हरवर सतत काम करतात. बिल आणि ३० दिवसांची टेस्टिंग वॉरंटी मागून घ्या, आणि पेन ड्राइव्ह विसरू नका.