तुम्ही विचारलंत म्हणून: कमी बजेटमधलं नवं किचन कुठल्या दुकानातून घ्यावं?

"बजेट बेताचं आहे, पण किचन अख्खं नवं करायचंय. कुठून घेऊ?" हा प्रश्न मला वरचेवर येतो, आणि विचारणाऱ्याला बहुतेक वेळा दुकानाचं नाव हवं असतं. तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो: नुसत्या नावाने काम होत नाही. एकाच दुकानात टिकणारं किचनही मिळतं आणि दोन वर्षांत फुगणारंही. फरक पडतो तो कॅबिनेटचा बॉक्स कशाचा आहे, कडेची पट्टी कशी चिकटवली आहे, बिजागऱ्या आणि चॅनेल (ड्रॉवर ज्यावर सरकतो त्या पट्ट्या) कुठले आहेत आणि बसवणार कोण, या चार गोष्टींनी. ज्या दुकानदाराकडून या चारही गोष्टी कोटेशनवर सुट्या लिहून मिळतात, त्याच्याकडून घ्या. "सगळं त्यात आलं, तुम्ही काळजी करू नका" असं म्हणून जो एकच आकडा हातावर ठेवतो, त्याचा आकडा कितीही लहान असला तरी तिथून उठा.

पण दुकानात जायच्या आधी माप घ्या. दुकानवाल्याचा माणूस पुढे येऊन माप घेईलच, तरी पहिला आराखडा तुमचा असू द्या. प्रत्येक भिंतीची लांबी तीन उंचींवर मोजा: जमिनीलगत, ओट्याच्या उंचीवर म्हणजे सुमारे ९०० मिमीवर, आणि वरच्या कॅबिनेटच्या उंचीवर. तिन्हीतलं सगळ्यात कमी माप खरं धरायचं. कोपरा गुण्यात आहे का ते पाहण्यासाठी एका भिंतीवर कोपऱ्यापासून ९०० मिमीवर आणि दुसरीवर १२०० मिमीवर खूण करा. दोन खुणांमधलं तिरकं अंतर बरोबर १५०० मिमी भरायला हवं. जास्त भरलं तर कोपरा उघडा आहे, कमी भरलं तर मिटलेला. खिडकीची चौकट, पाण्याचे आणि सांडपाण्याचे पाइप, स्विचबोर्ड, तुळई, सगळं कागदावर आणा. जमीन कुठे किती उतरते तेही बघा, कारण कॅबिनेटचे फिरकीचे पाय साधारण १०० ते १५० मिमीच्या दरम्यानच खालीवर होतात. उतार या ५० मिमीच्या फरकाहून जास्त असेल तर आधी जमीन सारखी करावी लागेल, आणि तो खर्च किचनच्या कोटेशनमध्ये बहुधा नसतो.

आता हाच एक आराखडा तीन दुकानांत द्या. समजा भिंत ३००० मिमी आहे. ६०० चं सिंकचं कॅबिनेट, ६०० चं साधं शटरचं, ९०० चं तीन ड्रॉवरचं, ४०० आणि ४५० ची दोन लहान, आणि शेवटी भिंतीलगत ५० मिमीचा फिलर, म्हणजे फट बुजवणारी पट्टी: बरोबर ३००० झाले. तिघांनाही याच सहा गोष्टींचे भाव वेगवेगळे मागायचे. लांबीच्या मीटरमागे किंवा शटरच्या क्षेत्रफळावर सांगितलेला दर तुलनेला उपयोगी नाही. तीन मीटरमध्ये नुसती शटरं असली तरी मीटर तीनच, आणि नऊ ड्रॉवर असले तरी तीनच. खर्चात मात्र खूप अंतर असतं, कारण एका ड्रॉवरला चॅनेलची जोडी, तळ, बाजू, पाठ आणि समोरची फळी लागते, तर शटरला दोन बिजागऱ्या. प्रत्येक दुकानवाला स्वतःचं डिझाइन काढून देईल, छान रंगीत चित्रंही दाखवेल. ती बघा, कल्पना आवडली तर आपल्या आराखड्यात घ्या, पण मग तो बदल तिघांकडेही कळवा. नाहीतर तीन वेगळ्या किचनांचे तीन भाव हातात येतात आणि त्यांची तुलना होत नाही.

विक्रेते ढोबळमानाने चार तऱ्हांचे. मोठ्या साखळी दुकानांत ठरावीक मापांची, सुट्या फळ्यांच्या खोक्यांत बंद असलेली कॅबिनेट मिळतात. जोडणी तुमची किंवा वेगळे पैसे देऊन त्यांची. कारागिरांना माल पुरवणारी दुकानं बॉक्स कारखान्यातच जोडून, घट्ट करून देतात. बसवायला तुमचा विश्वासू सुतार असेल तर इथे पैशाचं मोल चांगलं मिळतं. शोरूमवाले डिझाइनपासून फिटिंगपर्यंत सगळं करतात आणि त्याचे पैसे घेतात. चौथा म्हणजे तुमच्या मापानं कापून देणारा लहान कारखाना किंवा सुताराची कार्यशाळा. भिंती वाकड्या, जागा अडचणीची असेल तर हा चौथा अनेकदा सगळ्यात स्वस्त पडतो, कारण तयार मापांच्या मधे उरणाऱ्या फटी फिलरने बुजवाव्या लागत नाहीत. सरळ, मोकळ्या भिंतीला मात्र तयार मापांशी स्पर्धा करणं त्याला कठीण जातं. शोरूममध्ये मांडलेलं किचन उतरवून विकतात तेही स्वस्त असतं, पण ते तुमच्या जागेत बसवायला ओटा नवा घ्यावा लागतो का, हे आधी मोजून बघा.

दुकानात गेल्यावर समोरच्या चकचकीत शटरकडे नंतर बघा. आधी सिंकखालचं कॅबिनेट उघडायला सांगा. आत वाकून पाइपसाठी कापलेल्या भोकाची कड बघा. कापलेली कच्ची कड उघडीच आहे, की तिच्यावर सिलिकॉन किंवा सीलर फिरवलाय? पार्टिकल बोर्ड, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेला बोर्ड, पाणी पितो तो अशा उघड्या कडेतून, वरच्या गुळगुळीत पृष्ठभागातून नव्हे. जे दुकान स्वतःच्या नमुन्यात ही कड बंद करत नाही, ते तुमच्या घरी करेल अशी आशा धरू नका. मग शटरच्या कडेवर नख फिरवा. पट्टी आणि बोर्ड यांच्या सांध्यात नख अडकलं तर तिथून वाफ शिरणार. पट्टी ०.४ मिमीची कागदासारखी असते, १ किंवा २ मिमीची जाड असते. शटरला आणि ड्रॉवरच्या समोरच्या फळीला १ मिमीच्या खाली जाऊ नका. आणि एक प्रश्न नक्की विचारा: पट्टी कुठल्या गोंदाने लावली? नेहमीचा ईव्हीए गोंद उष्णतेने पुन्हा मऊ होतो, म्हणून ओव्हनजवळची आणि डिशवॉशरवरची पट्टी आधी सुटते. पीयूआर गोंद हवेतल्या ओलाव्याने एकदा पक्का झाला की परत वितळत नाही. हे विचारल्यावर विक्रेत्याला उत्तर येत नसेल तर त्यानं कारखान्याला विचारून लेखी कळवावं, एवढं म्हणणं गैर नाही.

बोर्डाबद्दल बरेच गैरसमज आहेत. पार्टिकल बोर्ड म्हणजे टाकाऊ आणि प्लाय म्हणजे उत्तम, असं सरसकट नसतं. कमी बजेटमध्ये दमट जागेसाठी बनवलेला १८ मिमीचा पार्टिकल बोर्ड, सगळ्या कडा बंद केलेला, हा पूर्णपणे योग्य पर्याय आहे. युरोपीय मानकात पी२ म्हणजे कोरड्या जागेतल्या फर्निचरचा, पी३ दमट जागेचा आणि पी५ दमट जागेत भार पेलणारा. आतला भुसा हिरवा दिसला म्हणजे बोर्ड ओलावा सोसतो असं समजू नका; हिरवा हा नुसता रंग आहे, दर्जा कागदावर लिहिलेला हवा. फॉर्मल्डिहाइडचा, म्हणजे बोर्डातल्या गोंदातून हवेत सुटणाऱ्या घातक वायूचा, वर्गही विचारा. ई१ वर्गात चाचणीच्या हवेत घनमीटरमागे ०.१२४ मिग्रॅपर्यंतच मुभा असते. बॉक्सची पाठ ३ मिमीची आहे की ८ मिमीची, हेही बघा. पातळ पाठीचा बॉक्स उचलताना तिरका होतो आणि मग शटरं कधीच सरळ रेषेत येत नाहीत.

शटरच्या बाबतीत माझं मत पक्कं आहे: कमी पैशात मेम्ब्रेनचं, म्हणजे एमडीएफवर (लाकडाचे बारीक तंतू दाबून केलेल्या बोर्डावर) प्लास्टिकचं पातळ आवरण ताणून बसवलेलं शटर घेऊ नका. नक्षी छान दिसते, पण शेगडी, ओव्हन आणि किटलीच्या आसपास ते आवरण कडेला सुटतं आणि परत चिकटत नाही. त्याच पैशात सपाट, साधं प्रीलॅम, म्हणजे कारखान्यातच वर थर चिकटवलेल्या बोर्डाचं शटर जाड पट्टीसह घ्या. दिसायला साधं, पण घासलं-पुसलं तरी वर्षानुवर्षं तसंच राहतं.

पैसे घालायचे ते बिजागऱ्यांत आणि चॅनेलमध्ये. ड्रॉवर पूर्ण बाहेर ओढा आणि समोरची एक कड हाताने खाली दाबा. लचकला तर भरल्यावर आणखी लचकेल. साध्या रोलर चॅनेलवर ड्रॉवर तीनचतुर्थांशच उघडतो, मागचं सामान अंधारातच राहतं. पूर्ण उघडणारं चॅनेल घ्या. ते किती किलो वजन पेलतं ते त्यावर लिहिलेलं असतं. लहान ड्रॉवरला ३० किलो पुरतात, भांड्यांच्या ९०० मिमी रुंद ड्रॉवरला ५० च्या आसपास हवेत. बिजागरीची वाटी ३५ मिमीच्या भोकात बसणारी, सर्वत्र मिळणारी असावी. ९०० मिमी उंचीपर्यंतच्या शटरला दोन बिजागऱ्या, १६०० पर्यंत तीन, त्यापुढे चार. कोटेशनवर "सॉफ्ट क्लोज" एवढंच लिहिलेलं असेल तर कंपनी आणि मॉडेल लिहून मागा. दहा वर्षांनी एक बिजागरी तुटली की ती कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळाली पाहिजे. फक्त त्याच दुकानात मिळणारा खास भाग असेल तर तुम्ही त्या दुकानाला कायमचे बांधले जाता. त्याच कारणाने हेही विचारा: पाच वर्षांनी एखादं शटर खराब झालं तर सुटं एक मिळेल का, आणि ही रंगश्रेणी अजून किती वर्षं चालू राहणार? बहुतेक दुकानांत या दुसऱ्या प्रश्नाचं ठाम उत्तर मिळत नाही. म्हणून ऑर्डर देतानाच सगळ्यात जास्त वापराच्या मापाचं एक शटर जादा घ्या. नंतर मागवलेलं शटर वेगळ्या बॅचचं येतं, आणि पांढऱ्यातसुद्धा छटा वेगळी दिसते.

खर्च कमी करायचा असेल तर मालाचा दर्जा उतरवण्याआधी आराखडा साधा करा. सिंकची आणि शेगडीची जागा हलवू नका, म्हणजे नळजोडणी आणि वायरिंगचा खर्च वाचतो. कोपऱ्यातली फिरती जाळी महाग असते. तिथे साधं बंद कोपऱ्याचं कॅबिनेट ठेवून शेजारी रुंद ड्रॉवर केलात तर वापरही जास्त सोपा होतो. ३०० चे दोन बॉक्स घेण्यापेक्षा ६०० चा एक घ्या; बॉक्स जितके कमी तितक्या उभ्या बाजू, बिजागऱ्या आणि हँडलं कमी. मात्र ९०० रुंद कॅबिनेटमधली १६ मिमीची फळी ताटांच्या वजनाने मधे झोळ धरते, तिथे जाड फळी किंवा मधला आधार मागा. आणि जुने बॉक्स कोरडे, ताठ असतील तर ते ठेवून फक्त शटरं, बिजागऱ्या आणि ओटा बदलण्याचा भावही काढून बघा. हा पर्याय दुकानवाला आपणहून सुचवत नाही.

कोटेशनमध्ये जे लिहिलेलं नसतं तेच नंतर महाग पडतं. जुनं किचन काढणं, राडारोडा उचलणं, नळजोडणी, वीजजोडणी, भिंतीची डागडुजी, सिंक आणि शेगडीसाठी ओट्यात भोक कापणं, स्कर्टिंग, फिलर, बाजूच्या दिसणाऱ्या फळ्या, वाहतूक, जिन्याने चढवणं: यातलं प्रत्येक आहे की नाही ते हो-नाही करून लिहून घ्या. "आजच बुक केलंत तर निम्म्यात" अशी सवलत असेल तर तोच भाव आठवडाभर लागू असल्याचं लेखी मागा. नकार आला तर निम्मी किंमत हीच खरी किंमत होती असं धरा. वॉरंटीचा कागदही तिथेच वाचा. बॉक्सला दहा वर्षं असली तरी पाण्याने फुगलेली कड बहुतेक वेळा त्यातून वगळलेली असते, आणि किचनमधली सगळ्यात मोठी तक्रार तीच.

अंतिम माप ज्याने घेतलं, चुकीची जबाबदारी त्याची. म्हणून तयार मापांचं किचन स्वतः मोजून मागवलं तर न बसणाऱ्या कॅबिनेटचा खर्च तुमचा. फिटिंग दुकानाकडे दिलीत तर अंतिम माप त्यांनीच घ्यावं आणि त्या कागदावर सही करावी. दगडी ओटा असेल तर त्याचं माप खालची कॅबिनेट बसल्यावरच घेतात, आणि ओटा येईपर्यंत सिंक वापरता येत नाही; मधे किती दिवस जातील ते आधी विचारा. वरची कॅबिनेट जिप्समच्या भिंतीवर टांगायची असतील तर आत लाकडी आधार ठोकावा लागतो. हे बसवणाऱ्याला आदल्या दिवशी कळून उपयोग नाही, कोटेशनच्या वेळीच सांगा.

खोकी आली की सही करण्याआधी मोजा, फुटलेला कोपरा दिसला तर पावतीवरच लिहा, आणि सगळी खोकी दोन दिवसांत उघडून बघा. एक फळी कमी असल्याचं फिटिंगच्या दिवशी कळलं तर काम अडतं आणि माणसाची दिवसाची मजुरी वाया जाते. फळ्या आडव्या, जमिनीपासून उचलून ठेवा, ओल्या भिंतीला टेकवू नका.

पैसे टप्प्यांनी द्या: ऑर्डरच्या वेळी थोडे, माल पूर्ण आल्यावर मोठा हप्ता, आणि निदान दहा टक्के शेवटी. तो शेवटचा हप्ता देण्याआधी प्रत्येक ड्रॉवर पूर्ण उघडून सोडा, शटरांमधली फट वरून खालपर्यंत सारखी आहे का ते बघा (बिजागरीचे स्क्रू शटर आडवं, उभं आणि आतबाहेर असं तिन्ही दिशांनी हलवतात, त्यामुळे वाकडी फट ही न सुटणारी अडचण नाही), सिंक काठोकाठ भरून एकदम सोडा आणि खाली कोरडा कागद अंथरून तासाभराने त्यावर डाग पडलाय का ते तपासा. डिशवॉशर असेल तर त्याच्यावरच्या ओट्याच्या खालच्या बाजूला वाफ अडवणारी पट्टी लावली आहे का, हे बोट घालून चाचपा.