पांढरी दोन, काळी दोन: शनिवारच्या जॅझ-फंक बैठकीची वही

गावभागातल्या आमच्या माडीवरच्या बैठकीला चौदा महिने झाले. मेंबर चारच. मी, शेजारचे तबलजी काका, हार्मोनियमवर नाट्यगीतं गाणाऱ्या आमच्या वहिनी, आणि गणपतीत मंडळाच्या डॉल्बीशेजारी सापडणारा पुतण्या. नियम एकच: शनिवारी एक अल्बम, एक बाजू संपली की चहा-भडंग, मग दुसरी बाजू. बोलायचं ते चहात.

पहिले तीन महिने मी सगळ्यांना पळवून लावायचं काम केलं. थोर ते आधी ऐकवावं, या हट्टापायी ट्रम्पेटवाल्या माइल्स डेव्हिसचा ‘बिचेस ब्रू’ (१९७०) लावला. पहिला ट्रॅक वीस मिनिटांचा. बाराव्या मिनिटाला वहिनी म्हणाल्या, “भाऊजी, अजून वाद्यं जुळवतायत का?” मला तो अल्बम आजही आवडतो, पण नव्या माणसाला पहिल्याच दिवशी देऊ नका. ऑफिसातल्या एकाला दिला होता, तो अजून लिफ्टमध्ये माझ्याकडे बघत नाही.

तेव्हापासून मी थोरवी बघायचं सोडलं. ऐकणाऱ्याचा कान आधीपासून काय मोजतो हे बघून अल्बम निवडतो.

काकांचं सोपं होतं, त्यांचा हात मांडीवर आपोआप चालतो. म्हणून डेव्ह ब्रूबेक चौकडीचा ‘टाइम आउट’ (१९५९). त्यातला पाच मात्रांचा ‘टेक फाइव्ह’ सगळ्यांनाच माहीत असतो. काकांनी झपताल धरला आणि दुसऱ्याच आवर्तनाला थांबले. पुन्हा धरला, पुन्हा थांबले. झपतालात दोन-तीन, दोन-तीन असे विभाग. इथे पियानो तीन-दोन, तीन-दोन चालतो. “हा उलटा झपताल आहे रे,” म्हणाले, आणि मग ड्रमवरच्या जो मोरेलोला अख्खा सोलोभर मांडीवर साथ केली. पहिला ट्रॅक ‘ब्लू राँडो’ नऊ मात्रांचा, दोन-दोन-दोन-तीन. तो त्यांना जास्त आवडला. सॅक्सोफोनवाला पॉल डेस्मंड त्यांच्या मते “गोड आहे, पण पोटातून येत नाही.” माझं मत वेगळं आहे, पण साथीदाराशी वाद घालू नये.

खरी गाडी फंकवर, म्हणजे ठेका पुढे ठेवणाऱ्या अमेरिकन नाचाच्या संगीतावर सुटली. त्यातला मोठा गायक जेम्स ब्राउन, त्याच्या गाण्यांचा एक संग्रह १९८६ साली निघाला, ‘इन द जंगल ग्रूव्ह’. फंकला नवा असलेल्या माणसाला मी डोळे मिटून हाच देतो. त्याआधीच्या ऱ्हिदम अँड ब्लूजमध्ये जोर दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर पडायचा. ब्राउनने १९६७ च्या ‘कोल्ड स्वेट’च्या सुमारास तो पहिलीवर आणून ठेवला. त्याच्या मंडळींत त्याला नुसतं ‘द वन’ म्हणत. १९७० मध्ये बेसवर आलेल्या बूट्सी कॉलिन्सला त्याने हेच बजावलं होतं: पहिली सोडू नकोस, मधे काय वाटेल ते कर. मी हे सांगत होतो तेव्हा काका भडंगातले शेंगदाणे वेचत होते. मान वर न करता म्हणाले, “म्हणजे सम. हे सांगायला तुला चौदा महिने लागले?”

त्याच संग्रहात ‘फंकी ड्रमर’ आहे, १९६९ चं रेकॉर्डिंग. बराच वेळ गाडी एकाच ठेक्यावर चालते, मग ब्राउन सगळ्यांना थांबवतो आणि ड्रमवरचा क्लाइड स्टबलफील्ड एकटा आठ बार वाजवतो. आठ बार म्हणजे बत्तीस मात्रा, त्रितालाची दोन आवर्तनं, बस. काकांनी तेवढाच तुकडा सात वेळा लावायला लावला. मोठे आघात सगळ्यांना ऐकू येतात. काका ऐकत होते ते त्यांच्यामधले, काडी कातड्यावर जेमतेम टेकते ते. “बघ, ठेका भरून वाजवतोय. मधलं काढून टाकलं तर हा बँडवाला होईल.” पुढे हिपहॉपवाल्यांनी हाच तुकडा शेकडो गाण्यांत कापून वापरला. वाजवणाऱ्याला त्यातून जवळपास काही मिळालं नाही. यावर काका जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

वहिनींचं दार वेगळं. त्या ठेका मोजत नाहीत, सूर धरतात. त्यांच्यासाठी माइल्सचाच ‘काइंड ऑफ ब्लू’ (१९५९). पहिला ट्रॅक ‘सो व्हॉट’. हार्मोनियमवर पांढरी दोनला (सप्तकातली दुसरी पांढरी पट्टी) सा धरा आणि फक्त पांढऱ्या पट्ट्यांवर फिरा, काफी थाट (ग आणि नी कोमल) मिळतो. ‘सो व्हॉट’ तेवढ्यावर उभा आहे. त्रितालाची चार आवर्तनं पांढरी दोनवर, मग सगळा संसार उचलून दोन आवर्तनं काळी दोनवर, मग दोन आवर्तनं परत खाली. एवढं झालं की पुन्हा पहिल्यापासून. सॅक्सोफोनवाला जॉन कोल्ट्रेन असो की कॅननबॉल ॲडरली, प्रत्येकाने याच चौकटीत आपलं सांगायचं.

मी हे मोठ्या तोऱ्यात सांगितलं, वहिनींनी भाता मारून पांढरी दोन दिली, आणि सूर लागेना! कॅसेट किंचित चढी. (माझ्या बहुतेक कॅसेट २०१९ च्या महापुरात तळमजल्यावर गेल्या. वरच्या कपाटातल्या अकरा वाचल्या, त्यातली ही.) डेकचा बेल्ट गेला असेल म्हणून बदलून आणला, तरी तेच. मग वहिनींनीच दुसरी बाजू लावायला सांगितली. तिथला ‘ऑल ब्लूज’ पांढरी पाचला तंतोतंत. डेक तोच, बेल्ट तोच, मग एकच बाजू चढी कशी?

शोधल्यावर कळलं की दोष ना डेकचा ना आमच्या पेटीचा. पहिल्या बाजूचे तिन्ही ट्रॅक २ मार्च १९५९ च्या बैठकीतले. त्या दिवशी स्टुडिओतलं मुख्य मशीन जरा हळू फिरत होतं, त्यामुळे टेप नेहमीच्या वेगाने वाजवली की सूर चढतो. दुसरी बाजू २२ एप्रिलची, ती ठीक. ही चूक दुरुस्त होऊन आवृत्ती निघाली १९९२ मध्ये, म्हणजे जगाने तेहेतीस वर्षं चढा ‘सो व्हॉट’ ऐकला. ती आवृत्ती मोबाइलवरून लावली, पेटी बरोबर मिळाली. वहिनींनी काळी दोनच्या उडीला नुसती भुवई उचलली. आता तो अल्बम त्या भाकरी थापताना लावतात.

पुतण्यासाठी हर्बी हँकॉकचा ‘हेड हंटर्स’ (१९७३). चारच ट्रॅक, पहिला ‘कमेलियन’ साडेपंधरा मिनिटांच्या वर. इथे एक सूचना: हा अल्बम मोबाइलच्या स्पीकरवर किंवा हातातल्या ब्लूटूथ डबीवर देऊ नका. सुरुवातीला एआरपी ओडिसी नावाच्या सिंथेसायझरवर नुसता बेस येतो आणि छोट्या स्पीकरला तो झेपतच नाही. मग समोरचा म्हणतो, सुरू कधी होणार? पुतण्याने पहिल्यांदा हेच विचारलं. दुसऱ्यांदा त्याने तो मंडळाच्या साउंड चेकिंगला डॉल्बीवर लावला. मी कोपऱ्यावर उभा होतो. तो बेस रस्त्यावर आला तशी समोरच्या वडापावच्या गाड्यावरची झाऱ्याची कडी टिणटिण वाजायला लागली. गाडेवाले मामा म्हणाले, “लका, हे कुठलं गाणं? शब्द नाहीत, पण चाललंय.” माझ्या वहीतली आजवरची सगळ्यात चांगली समीक्षा.

पुढच्या शनिवारी तोच माडीवर. काका पहिल्या आवर्तनाला फसले, कारण बेसचा उठाव समेच्या आधीचा आहे. तीन चढते सूर घेऊन तो समेवर येतो. “मुखडा घेऊन येतोय,” म्हणाले, आणि मग हलले नाहीत. वहिनी तोवर पेटीवर चाचपत होत्या. “भाऊजी, हाही काफीच. काळी पाच.” उठावातले ते सूर सोडले तर बरोबर आहे. हे मला माहीत नव्हतं, आणि असायला हवं होतं, कारण हँकॉक १९६३ पासून पाच वर्षं माइल्सच्याच चमूत पियानोवर होता. जॅझ आणि फंक ही दोन गावं नाहीत. रस्ता आमच्याच पेटीवरून जात होता.

त्याच अल्बममधला ‘वॉटरमेलन मॅन’ सुरू होतो तो बिल समर्सने बिअरच्या बाटलीत फुंकलेल्या सुरांनी. कल्पना मध्य आफ्रिकेतल्या जंगलातल्या वादनपद्धतीवरून घेतलेली. पुतण्याने घरातल्या सरबताच्या तीन बाटल्या फोडल्या. ती नोंद वहिनींच्या वहीत आहे.

मिरजेचा किस्सा थोडक्यात. तंबोरा जवारीला (घोडी घासून सूर खुलवायला) टाकला होता, तो आणायला सतारमेकर गल्लीत गेलो. तिथे सहज जॉन कोल्ट्रेनची बायको ॲलिस कोल्ट्रेन हिचा ‘जर्नी इन सच्चिदानंद’ (१९७१) लावला. आधी तंबोरा, त्यावर सेसिल मॅकबीचा बेस, मग तिची हार्प. कारागिरांनी कानस खाली ठेवली आणि फोन कानाशी नेला. बेस, हार्प, सॅक्सोफोन कशाबद्दल काही नाही. “तंबोरा बरा लागलाय. कुठं बनवलाय?” एवढंच. ज्यांच्या कानात तंबोरा मुरलेला आहे त्यांना कोल्ट्रेन कुटुंबात शिरायला हीच वाट. जॉन कोल्ट्रेनचा ‘अ लव्ह सुप्रीम’ नंतर. त्यातला चार सुरांचा जप मग आपोआप कळतो. आधी दिला तर लोक घाबरतात, काका सोडून.

बाकी पटापट. न्यू ऑर्लिन्सच्या ‘द मीटर्स’चा त्याच नावाचा १९६९ चा अल्बम: गाणं नाही, लांबड नाही, गाडी चालवताना उत्तम. मॅसिओ पार्करचा ‘लाइफ ऑन प्लॅनेट ग्रूव्ह’ (१९९२) लाइव्ह आहे, चौघांनाही आवडलेला एकमेव. ‘रिलॅक्सिंग जॅझ’ छापाची तीन तासांची मिश्रणं कुणाला देऊ नका, ती हॉटेलात सूप पिण्यापुरती ठीक. ऑनलाइन मागवलेली एक तबकडी वाकडी आली आणि विकणारा फोन उचलत नाही, म्हणून तो महिना कोरा गेला.

पुढचा नंबर शंकर-जयकिशनच्या ‘रागा-जॅझ स्टाइल’चा, १९६८ चा, सतारीवर रईस खाँ. पण पहिलाच ट्रॅक तोडी, म्हणजे सकाळचा राग, आणि आमची बैठक संध्याकाळी सातची. काकांनी साफ नकार दिलाय. त्यामुळे या वेळी शनिवार रद्द, रविवारी सकाळी आठला माडीवर. पुतण्या उठला तर.