टोकन द्यायच्या आधी इंडेक्स टू काढा

ओळखीत कोणी पहिल्यांदाच इन्व्हेस्टमेंट म्हणून फ्लॅट बघायला लागलं की विचारतंच, भाव वाढेल ना? आता ते छातीठोकपणे कोणीच सांगू शकत नाही, पण आज सांगताहेत तो भाव बरोबर आहे का हे घरबसल्या काढता येतं आणि नेमकं तेच लोक करत नाहीत याचं मला फार वाईट वाटतं.

आयजीआर महाराष्ट्रच्या (म्हणजे राज्याच्या नोंदणी खात्याच्या) साइटवर फ्री सर्च आहे. वर्ष, जिल्हा, गाव आणि सर्व्हे नंबर टाकला की तिथे रजिस्टर झालेले व्यवहार दिसतात, त्यातला इंडेक्स टू, म्हणजे त्या व्यवहाराचा नोंदणी उतारा, उघडा. मोबदला म्हणजे करारातली किंमत, बाजारभाव म्हणजे रेडी रेकनरचा, सरकारने ठरवलेला दर धरून काढलेला, आणि क्षेत्रफळ बऱ्याचदा चौरस मीटरमध्ये असतं, त्याला 10.764 ने गुणलं की स्क्वेअर फूट. कार्पेट (भिंतींच्या आतली वापरायची जागा) लिहिलंय की बिल्टअप (भिंती धरून) ते नीट वाचा, इथेच सगळा घोळ होतो. त्याच सोसायटीतले अलीकडचे दोन-चार व्यवहार काढून रेट मांडा आणि मगच एजंटशी बोलायला बसा, बोलण्यात फरक पडतो.

मग भाड्याचं गणित. पुण्यात 80 लाखांचा रिसेल टू बीएचके धरू. स्टॅम्प ड्युटी 7 टक्के म्हणजे 5 लाख 60 हजार (बाईच्या नावावर घेतला तर 1 टक्का कमी), रजिस्ट्रेशन 30 हजार, ब्रोकरेज 80 हजार, रंग-ट्रॉली वगैरे 2 लाख, झाले 88 लाख 70 हजार. भाडं 22 हजार, वर्षात एक महिना रिकामा जाणार म्हणून 11 महिन्यांचे 2 लाख 42 हजार, त्यातून मेंटेनन्स 42 हजार आणि प्रॉपर्टी टॅक्स 12 हजार गेला की हातात 1 लाख 88 हजार. म्हणजे जेमतेम 2.1 टक्के! आणि 60 लाखांचं लोन साडेआठ टक्क्याने 20 वर्षांसाठी घेतलं तर हप्ता 52 हजारांच्या आसपास. हातात येणारं भाडं वजा जाता वरचे 36 हजार दर महिन्याला पगारातून टाकायची तयारी असेल तर जरूर घ्या, पण भाड्यातून हप्ता निघेल असं कोणी सांगत असेल तर त्याच्यासमोर हा हिशोब ठेवा. भाडं किती मिळतं ते एजंटला नाही, वॉचमनला विचारा, आणि उन्हाळ्यात टँकर किती येतात तेही, कारण तो खर्च मेंटेनन्समध्येच येतो.

अंडर कन्स्ट्रक्शन असेल तर महारेरावर, म्हणजे बांधकाम प्रकल्पांवरच्या सरकारी नियामकाच्या साइटवर, प्रोजेक्ट उघडून पझेशनची तारीख किती वेळा पुढे गेलीय बघा. अॅग्रीमेंट रजिस्टर केल्याशिवाय बिल्डर 10 टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेऊ शकत नाही, कायदाच आहे तसा. जीएसटी वेगळा.

प्लॉटमध्ये मात्र जास्त सांभाळा. सातबाऱ्यावर इतर हक्कात कोणाचं नाव किंवा बोजा आहे का, भोगवटादार वर्ग 2 (सरकारी परवानगीशिवाय विकता न येणारी जमीन) तर नाही ना, आणि "एनए (बिगरशेती) होणारच आहे" याला कागद मागा. वकिलाकडून मालकीच्या नोंदींचा 30 वर्षांचा सर्च करून घ्या, त्याची फी वाचवू नका प्लीज.

आणि टोकन द्यायचंच असेल तर चेकने द्या, पावतीवर लिहून घ्या की टायटल क्लिअर नसेल किंवा लोन नाकारलं गेलं तर पूर्ण रक्कम परत, आणि किती दिवसांत तेही.