आकडा पोचला, रिमार्क नाही

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये हिमॅटॉलॉजी, म्हणजे रक्तपेशींच्या तपासण्या, बघते. बहुतेक सीबीसी (रक्तपेशींच्या मोजणीच्या) रिपोर्टांना माणसाचा हातही लागत नाही हे बाहेरच्यांना खरं वाटत नाही, पण मशीनने मोजलं आणि नियमात बसलं की सॉफ्टवेअरच पास करतं आणि पेशंटच्या मोबाइलवर मेसेज जातो. आमच्या वाट्याला येतात ती मशीनने अडवलेली सॅम्पलं. त्यातलीच एक केस काही केल्या डोक्यातून जात नाहीये.

एका काकूंचं पित्ताशयाचं ऑपरेशन ठरलेलं, त्याआधीचा सीबीसी. प्लेटलेट ४१,०००, जिथे दीड लाखाच्या वर हव्यात. बाकी सगळं ठणठणीत आणि मशीनने गुठळ्यांचा फ्लॅग (इशारा) दिलेला. आधी ट्यूबमध्ये काडी फिरवून बघितलं, रक्त गोठलेलं नव्हतं. मग काचेवर रक्ताचा पातळ थर (स्मिअर) ओढून, लिशमन रंग देऊन स्लाइड मायक्रोस्कोपला लावली आणि कमी पॉवरवर थेट टेलला, म्हणजे थराच्या शेवटच्या टोकाला, गेले, कारण स्मिअर ओढताना गुठळ्या तिकडे ढकलल्या जातात, मधल्या भागातली फील्ड मोजत बसलं तर दिसतच नाहीत. नवीन मुलं नेमकी इथेच फसतात आणि 'प्लेटलेट कमी' लिहून मोकळी होतात. टेलला जांभळट गुठळ्याच गुठळ्या, एकेकीत वीस-पंचवीस प्लेटलेट एकमेकींना चिकटलेल्या. मशीन एवढ्या मोठ्या गुठळीला प्लेटलेट म्हणून धरत नाही, कधी कधी तर पांढऱ्या पेशींत मोजून टाकतं.

जांभळ्या टोपणाच्या ट्यूबमध्ये रक्त गोठू नये म्हणून ईडीटीए असतं. ते कॅल्शियम धरून ठेवतं, आणि थोड्याच लोकांच्या रक्तात अशी अँटीबॉडी असते की त्या परिस्थितीत ती प्लेटलेट चिकटवत जाते. शरीरात असलं काही होत नाही, माणूस ठीक असतो, जे होतं ते ट्यूबमध्येच. मी रिमार्क लिहिला की प्लेटलेट गुठळ्यांत आहेत, हा आकडा ग्राह्य धरू नये, सायट्रेट ट्यूबमध्ये नवीन सॅम्पल पाठवा. डॉक्टरांच्या ओपीडीत फोनही केला, तिथून "हो, सांगते" एवढं ऐकलं आणि फोन कट. आकडा परत म्हणून दाखवा असं मी म्हणेपर्यंत लाइन गेलेली असते, हे नेहमीचंच.

थोड्या वेळाने काकूंचाच फोन आला. आवाज शांत होता. "मॅडम, मोबाइलवर लाल आकडा आलाय. मुलाने स्क्रीनशॉट हॉस्पिटलला पाठवला तर ते म्हणतात ऑपरेशन पुढे ढकलू, प्लेटलेटच्या पिशव्यांची सोय करून ठेवा. मला फक्त एक विचारायचंय."

मी म्हटलं, काकू, खालचा रिमार्क वाचलात ना?

"कसला रिमार्क? इथे आकडा आहे आणि खाली जाणारा बाण आहे."

आयटीवाल्याला बसवून विचारलं तेव्हा कळलं. रिपोर्ट आमच्याकडून एचएल७ मेसेजने (एका सॉफ्टवेअरने दुसऱ्याला माहिती पाठवायचा ठरलेला साचा) जातो, त्यात आकडा ओबीएक्स ओळीत असतो आणि रिमार्क त्याच्या खालच्या एनटीई ओळीत. पेशंटला मोबाइलवर रिपोर्ट दाखवणारं पोर्टल बनवणाऱ्यांनी ओबीएक्स वाचायची सोय केली आणि एनटीई सोडूनच दिली. म्हणजे आम्ही मायक्रोस्कोपला डोळे लावून जे लिहितो, ज्यात 'या आकड्यावर विश्वास ठेवू नका' हेच सांगितलेलं असतं, ते पेशंटपर्यंत कधी गेलंच नाही. आणि हे एकालाही तपासून बघावंसं वाटलं नाही याचा मला अजून राग आहे.

पण काकूंचा प्रश्न वेगळाच होता. पोर्टलमध्ये जुन्या रिपोर्टांचा ग्राफ दिसतो, तो त्यांनी उघडला होता. प्लेटलेट दोन लाखांच्या वर, मग पन्नास हजार, परत दोन लाख, परत खाली. त्यांनी प्रत्येक ठिकाणी सॅम्पल घेतल्याची वेळ आणि रिपोर्टची वेळ बघितली होती. "मॅडम, मी लॅबमध्ये येऊन रक्त देते तेव्हा बरोबर येतं. तुमचा माणूस घरी येतो तेव्हा कमी येतं. असं कसं होईल?"

मला दोन मिनिटं काही बोलताच येईना. अगदी बरोबर होतं ते! ईडीटीएतल्या गुठळ्या वेळेबरोबर वाढतात, ताजं सॅम्पल लगेच लावलं तर आकडा नॉर्मलच्या जवळ येतो, होम कलेक्शनच्या बॅगेत तास दोन तास फिरलेलं असेल तर कोसळतो. आमचा डेल्टा चेक, म्हणजे आकडा अचानक बदलला का हे बघणारी सॉफ्टवेअरची तपासणी, फक्त मागच्या एका रिपोर्टशी तुलना करतो, पूर्ण ग्राफ आमच्याकडच्या स्क्रीनवर येतच नाही, आणि आधीच्या डॉक्टरांनी प्रत्येक वेळी समोरचा एकच कागद बघितला. अशाच आकड्यामुळे त्यांचं ऑपरेशन आधीही एकदा पुढे गेलं होतं, हे त्यांनी तेव्हाच सांगितलं.

मी त्यांना लगेच लॅबमध्ये बोलावलं, निळ्या टोपणाच्या सायट्रेट ट्यूबमध्ये खुणेपर्यंत बरोबर भरून रक्त घेतलं आणि तिथल्या तिथे लावलं. १,९६,०००. सायट्रेट द्रव असल्याने रक्त थोडं पातळ होतं म्हणून १.१ ने गुणायचं, म्हणजे जवळजवळ २ लाख १५ हजार. स्लाइडला एकही गुठळी नाही. सर्जनशी मी स्वतः बोलले, ओपीडीच्या मुलीशी नाही.

पोर्टल बंद करा म्हणणारे आमच्याकडे बरेच आहेत, पेशंट उगाच घाबरतात म्हणे. मला ते पटत नाही. हा ग्राफ काकूंच्या हातात नसता तर तो कुणी बघितला असता? पण आकडा दाखवायचा आणि त्याच्याबद्दल लिहिलेलं लपवायचं हेही चालणार नाही.

सुधारित रिपोर्ट पोर्टलवर चढला, पण त्या लाल आकड्याचा स्क्रीनशॉट हॉस्पिटलच्या फाइलला अजून असेल, तो कोण काढणार. काकूंनी जाताना विचारलं की माझं सॅम्पल नेहमी निळ्या ट्यूबमध्ये घ्या असं पोर्टलमध्ये कायमचं लिहून ठेवता येईल का. तशी जागाच नाहीये तिथे. मी लेटरहेडवर लिहून, सही-शिक्का मारून दिलंय आणि त्याचा फोटो मोबाइलमध्ये ठेवायला सांगितलंय. एनटीईची तक्रार आयटीकडे 'डिस्प्लेचा किरकोळ प्रश्न' म्हणून नोंदवली गेलीय. ते 'किरकोळ' काढायला लावायचंय मला, मीटिंगमध्ये स्लाइड घेऊनच जाणार आहे.