मेणबत्तीला दोन हात लागतात

जर्मनीतल्या लाइपझिगच्या स्टेशनवर उतरले तो सोमवार होता. मी तो मुद्दाम गाठला होता. तिथल्या सेंट निकोलस चर्चमध्ये १९८२ पासून दर सोमवारी संध्याकाळी शांततेसाठी प्रार्थना होते.

माझा धाकटा भाऊ दंगलीत डोक्यात दगड लागून गेला. तो कोणाच्याच बाजूचा नव्हता, कामावरून घरी येत होता. तेव्हापासून मी उपासनेला बसायचे, पण प्रार्थना ओठांवर येत नव्हती.

चर्चमध्ये पाऊल टाकलं आणि थबकले. पांढरे उंच खांब, आणि प्रत्येकाच्या माथ्यावर खजुरीच्या हिरव्या झावळ्या. झावळ्यांचा रविवार, म्हणजे येशूचं यरुशलेमेत झावळ्यांनी स्वागत झालं तो सण, इथं वर्षभर मुक्कामाला असावा असं वाटलं. संगीतकार बाखने संत योहानाच्या शुभवर्तमानातली येशूच्या दुःखसहनाची कथा संगीतात बांधली, तीही १७२४च्या उत्तम शुक्रवारी (गुड फ्रायडेला) प्रथम इथंच गायली गेली.

पण मी आले होते ९ ऑक्टोबर १९८९साठी. पूर्व जर्मनीच्या सरकारने त्या दिवशी शहरात सशस्त्र पोलीस उभे केले होते, इस्पितळांत जादा रक्त साठवलं होतं. लोकांना जागा मिळू नये म्हणून सत्ताधारी पक्षाचे शेकडो सदस्य दुपारीच बाकांवर आणून बसवले होते. त्यांनीही मग येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनातले शब्द ऐकले: जे शांती करणारे ते धन्य. (या बाकांवर बसलेल्यांचा विचार माझ्या मनातून जात नाही.) दारं उघडली तेव्हा बाहेरचं पटांगण मेणबत्त्यांनी भरलेलं. सुमारे ७० हजार माणसं रस्त्यावरून चालली आणि एकही गोळी सुटली नाही. बरोबर महिन्याने बर्लिनची भिंत खुली झाली.

इथले पाळक क्रिस्टियान फ्यूरर सांगत, मेणबत्तीला दोन हात लागतात. एकाने धरायची, दुसऱ्याने वाऱ्यापासून जपायची. मग दगड उचलायला हात उरत नाही.

दगड हा शब्द मला आजही ऐकवत नाही. पाळकांचं हे वाक्य मात्र मी पुन्हा पुन्हा मनात म्हटलं.

प्रार्थना जर्मनमध्ये होती, काही कळत नव्हतं. मग सगळे उभे राहिले आणि तो ठेका ओळखीचा वाटला. येशूने शिकवलेली प्रभूची प्रार्थना! मी मराठीत सुरुवात केली, 'हे आमच्या स्वर्गातील पित्या'. 'जसे आम्ही आपल्या ऋण्यांस' या, अपराध्यांना क्षमा करण्याच्या ओळीपर्यंत आले आणि गळा दाटला. बाकीचे पुढे गेले. शेजारच्या आजींनी न बघताच माझा हात हातात घेतला आणि आमेनपर्यंत सोडला नाही.

त्यानंतर मी त्या मोर्च्याच्याच वाटेने निघाले. आधी ऑगस्टस चौक, मग स्टेशन, मग गुप्त पोलिसांची जुनी कचेरी, जिथं आता संग्रहालय आहे. स्टेशनपाशी ती ओळ पुटपुटून पाहिली, आवाज फुटला नाही. कचेरीच्या पायऱ्यांपाशी थांबले, भावाचं नाव घेतलं, आणि हळू आवाजात ती पूर्ण म्हटली.