कोरडी की रिकामी? माणगंगेच्या नोंदवह्या मिळवताना आलेला अनुभव

आमचं गाव आटपाडी तालुक्यात. काठावरून वर गेलं की कुसळीचा माळ आणि मेंढरं. आजोबा म्हणायचे, माणगंगा पूर्वी दिवाळीपर्यंत वाहायची. हे आकड्यांत बघायचं म्हणून प्रबंधाला तोच विषय घेतला. आमच्याकडं एक साल दुसऱ्यासारखं नसतं, म्हणून निदान तीस वर्षांच्या नोंदी हव्या होत्या.

माहिती अधिकाराचा अर्ज, 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, पावसाचे आकडे, सगळं सुरळीत झालं. अडलं नदीची पातळी मोजणाऱ्या कार्यालयात.

तिथून टाइप केलेले तक्ते आले. 1 जून ते 31 मे असं जलवर्ष, रोज सकाळी 8 ची पातळी. आधी आनंद झाला, मग पानापानावर शून्य दिसायला लागलं. ज्या आठवड्यात पुलावरून पाणी गेल्याचं अख्खं गाव सांगतं, त्या आठवड्यातही 0! मूळ वही दाखवा म्हटलं, तर 'साहेब दौऱ्यावर आहेत'. पुढच्या खेपेला 'ते टेबल आता माझ्याकडं नाही'. त्यानंतर 'जुनं रेकॉर्ड सापडत नाही'. एसटीच्या पाच खेपा झाल्या. शेवटी प्रथम अपील केलं, तेव्हा कपाट उघडलं. (उत्तर मिळाल्यापासून 30 दिवसांत अपील करावं लागतं, म्हणून टपालाचं पाकीट त्यावरच्या तारखेसाठी जपून ठेवा.)

वही उघडली आणि डोक्यात तिडीक गेली. नदी आटलेली असेल तिथं निळ्या शाईत 'को.', म्हणजे कोरडी. मोजणारा आलाच नसेल तिथं रकाना रिकामा. टाइप करताना दोन्हीकडं 0 घातलेला. रिकाम्या दिवसाला शून्य धरलं तर वाहती नदी कागदावर आटते, आणि मग 'प्रवाह घटला' असा निष्कर्ष निघतो. तीस वर्षं कुणी ऊन-पावसात पात्रातली पातळी मोजायची पट्टी वाचली, ती मेहनत एका बोटानं पुसली गेली. मला याचा अजून राग आहे.

म्हणून मूळ वहीच मागा. अर्ज 150 शब्दांत आणि एकाच विषयाचा ठेवा. मोजपट्टीच्या शून्याची उंची (म्हणजे पट्टीवरचं 0 किती उंचीवर धरलंय) आणि ती कधी बदलली, तेही त्याच अर्जात विचारा. मी विसरलो आणि दुसरा अर्ज करावा लागला. वाळू उपशानं पात्र खोल गेलं की पट्टीवर तीच पातळी दिसली तरी विसर्ग तोच नसतो.

माळावरचा लोंढा रात्री येतो आणि सकाळी 8 ला ओसरलेला असतो, तो अशा वहीत येतच नाही. काठावरच्या म्हाताऱ्यांना विचारून ठेवा. टेंभू उपसा योजनेतून येणारं कृष्णेचं पाणी पात्रात कधी सोडलं त्या तारखाही हव्यात, नाहीतर ते माणगंगेच्या नावावर चढतं.

आता मी 'को.' तेवढं शून्य धरतो, रिकामा दिवस रिकामाच ठेवतो. 2003 च्या दुष्काळाची वही अजून मिळालेली नाही. तिच्यासाठी सोमवारी परत जाणार आहे.